अंगणात भरलेली शाळा: बोर्डी-कोसबाडच्या ताराबाई मोडक

गावागावात आज अंगणवाडी आहे. सकाळी सेविका ताई कुलूप उघडतात, मदतनीस खिचडी शिजवायला ठेवते, पोरं येतात. वजनकाटा टांगलेला असतो, भिंतीवर तक्ता असतो. हे सगळं इतकं रोजचं झालंय की हा शब्द कुठून आला याचा विचार कोणी करत नाही. हा शब्द दिल्लीत किंवा मंत्रालयात तयार झालेला नाही. तो डहाणू तालुक्यातल्या कामातून आलाय. त्यामागं ताराबाई मोडक नावाची एक बाई होती. ऐन पन्नाशी ओलांडल्यावर त्या मुंबई सोडून खेड्यात आल्या आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी इथंच काढली.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव, आई उमाबाई. घर प्रार्थना समाजाच्या विचाराचं, सुधारकी वळणाचं. त्या काळात आपल्याकडं मुलीला अक्षरओळख झाली तरी खूप मानलं जायचं. पण या घरात मुलीनं शिकावं यावर वाद नव्हता. ताराबाई 1914 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या.

पुढं लग्न झालं ते अमरावतीच्या मोडक वकिलांशी. सुशिक्षित, नावाजलेलं घर. पण संसार टिकला नाही. 1921 च्या सुमारास ताराबाई वेगळ्या झाल्या. पदरी प्रभा नावाची लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन, तान्ह्या पोरीला घेऊन, स्वतः कमावून जगायचं ही गोष्ट शहरातसुद्धा सोपी नव्हती. लोक काय म्हणतील हा प्रश्न तेव्हाही होताच. रत्नाकर मतकरी यांनी ताराबाईंच्या आयुष्यावरून नाटक लिहिलं, घर तिघांचं हवं. आई, बाप आणि मूल या तिघांचं घर, ते त्यांच्या वाट्याला आलं नाही.

राजकोटहून भावनगर

पोटापाण्यासाठी त्यांनी गुजरातमधल्या राजकोटला नोकरी धरली. तिथल्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. चांगली जागा, चांगला पगार. एकट्या बाईनं तिथंच निवृत्तीपर्यंत राहावं अशी ती नोकरी होती.

पण भावनगरला तेव्हा वेगळंच काही चाललं होतं. गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ, मूळचे वकील. त्यांनी वकिली सोडली आणि दक्षिणामूर्ती या संस्थेत 1920 साली लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं. तिथं छडी नव्हती. पाठांतराची सक्ती नव्हती. मुलं गाणी म्हणत, गोष्टी ऐकत, हातानं कामं करत. गिजुभाईंना गुजरातेत लोक मिशीवाली आई म्हणत. ताराबाई राजकोटची नोकरी सोडून त्यांच्याकडं गेल्या, मुलीसह.

भावनगरला त्यांनी सुमारे नऊ वर्षं काम केलं. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांची पद्धत या दोघांनी बारकाईनं अभ्यासली. अडीच वर्षांच्या मुलालाही स्वतःचं डोकं असतं, त्याला हात-पाय-डोळे-कान वापरू दिले की ते आपोआप शिकतं, असा त्या पद्धतीचा गाभा. पण त्यासाठी लागणारं लाकडी साहित्य फार महाग होतं. श्रीमंतांच्या शाळेलाच ते परवडायचं. गरिबाच्या पोरानं काय करायचं, हा प्रश्न ताराबाईंच्या मनात तेव्हापासून होता असं त्यांच्या पुढच्या कामावरून दिसतं.

1926 साली गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका हे मासिक काढलं, पुढं त्याची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. आईबापांनी मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याच्याशी खरं बोलावं, या गोष्टी त्या मासिकातून महिन्याच्या महिन्याला घरोघर जात होत्या. आज मोबाईलवर पालकांसाठी जे व्हिडिओ येतात, तेच काम तेव्हा हे मासिक करत होतं असं म्हणायला हरकत नाही.

पुढं त्या मुंबईला परतल्या. 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झालं. मुलांसाठी बालमंदिर आणि शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापन मंदिर. दोन्ही चांगलं चाललं. 1939 साली गिजुभाई गेले. संघाचा सगळा भार ताराबाईंवर आला.

दादर सोडून बोर्डी

दादरच्या शाळेत येणारी मुलं मध्यमवर्गाची. घरी दोन वेळचं जेवण, अंगावर स्वच्छ कपडे, आई शिकलेली. देशातली बहुतेक मुलं मात्र खेड्यात होती आणि त्यांच्यासाठी यातलं काहीच नव्हतं. म्हणून 1945 च्या डिसेंबरात ताराबाईंनी डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय 53 होतं.

बोर्डी हे तेव्हाही समुद्रकाठचं देखणं गाव. चिकूच्या वाड्या, 1920 पासून चाललेली हायस्कूल, आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणाला वाहून घेतलेली माणसं. पण गावाबाहेर थोडं आत गेलं की दुसरंच जग होतं. वारली माणूस स्वतःच्याच मुलखात जमीनदाराकडं आणि जंगलाच्या ठेकेदाराकडं वेठीनं राबत होता. लग्नासाठी थोडे रुपये उचलले की नवरा-बायको दोघंही सावकाराकडं बांधली जात. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मूल जन्मायचं तेच या कर्जात.

त्याच 1945 साली वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानं किसान सभेचं आंदोलन उभं राहिलं. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. ताराबाईंचं केंद्र सुरू झालं ते त्यानंतर दोनच महिन्यांनी. रस्ता वेगळा होता, पण मुलूख तोच आणि माणसंही तीच.

या कामात त्यांना एक सोबतीण मिळाली, अनुताई वाघ. अनुताई 1910 सालच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी करत होत्या. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात 1945 साली दोघींची गाठ पडली आणि अनुताई बोर्डीला आल्या. ताराबाई योजना आखायच्या, लिहायच्या, पैसे उभे करायच्या. अनुताई पाड्यावर फिरायच्या, पोरं गोळा करायच्या. दोघींचा संसार अर्ध्यावर मोडलेला होता. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं त्यांनी हे काम एकत्र केलं.

मूल येत नाही, तर शाळेनं जायचं

बोर्डीत बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली ती मुलं येईनात. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यावरची मुलं गावातल्या इमारतीत यायला बिचकत. काही ठिकाणी सवर्ण मंडळींनाही ते रुचत नव्हतं. शिवाय आईबाप पहाटेच कामावर गेलेले. तीन वर्षांच्या पोराला नेऊन सोडणार कोण आणि परत आणणार कोण?

इथं ताराबाईंनी जे केलं ते आज फार साधं वाटतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडं जायचं. शिक्षिका वस्तीत जायची, कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडून घ्यायची आणि तिथंच पोरं बसवायची. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. अंगणात भरल्यामुळं आजी ओट्यावरून बघू शकत होती. आई कामावर जाता-येता डोकावू शकत होती. भीती कमी झाली.

साहित्यही बदललं. माँटेसरीचे महागडे ठोकळे इथं आणायचे कुठून? मग शंखशिंपले, चिंचोके, सागरगोटे, पानं, काड्या, दगडगोटे, मातीची भांडी हेच साहित्य झालं. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पानंफुलं, आकार ओळखायला शिंपले. पोरांच्या रोजच्या ओळखीचं होतं आणि फुकट होतं. हरवलं तरी दुसरं मिळायचं. पद्धत परदेशातली राहिली, पण अंग तिला इथलं मिळालं.

आधी आंघोळ, मग अक्षर

पाड्यावर गेल्यावर एक गोष्ट लगेच कळली. मूल उपाशी असेल, अंगाला खरूज असेल, डोक्यात उवा असतील, डोळे चिकटलेले असतील तर त्याला गाणं शिकवून उपयोग नाही. म्हणून दिवसाची सुरुवात स्वच्छतेनं व्हायची. हातपाय धुणं, आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं. शिक्षिका हे स्वतःच्या हातानं करत. मग खाऊ. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ.

त्या काळी पाड्यावर दवाखाना जवळ नव्हता. मूल आजारी पडलं की भगताकडं न्यायचं हाच रिवाज. बाई रोज अंगणात येते, पोराला हात लावते, खरूज धुते, हे आयांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यातून विश्वास तयार झाला. नुसतं व्याख्यान देऊन तो झाला नसता. मुलाची तब्येत, त्याचं खाणं, त्याचं शिक्षण आणि त्याच्या आईची समजूत या चार गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हे बोर्डीच्या केंद्रानं करून दाखवलं. आज सरकारी कागदावर याला एकात्मिक सेवा म्हणतात.

कोसबाडची टेकडी

पन्नासच्या दशकाच्या शेवटी शेवटी केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं. इथं सगळी वस्ती आदिवासींची. इथं नवीन अडचण समोर आली आणि ती आजही आपल्या भागात पाहायला मिळते.

आईबाप आवणीला, गवत कापायला, लाकडाच्या कामावर गेले की घरातली सात-आठ वर्षांची पोरगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन बसायची. तिला शाळेत घाला म्हटलं की बाळाला कोण सांभाळणार? मोठा पोरगा असेल तर तो गुरांमागं. म्हणजे मुलगी बाळात अडकलेली आणि मुलगा गुरांत. मास्तर रागावला काय, साहेबांनी नोटीस काढली काय, हे सुटणारं नव्हतं.

ताराबाईंनी त्यावर विकासवाडी ही कल्पना काढली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताई बाळाला घेऊन येईल, बाळ पाळणाघरात ठेवील, मधलं भावंड बालवाडीत बसेल आणि ती स्वतः वर्गात शिकेल. मधल्या सुट्टीत बाळाला बघून येईल. त्या पोरीला शाळा आणि भाऊ यातलं एक निवडायची गरज राहिली नाही.

आणि गुरांमागच्या पोरांसाठी कुरणशाळा. पोरं गुरं घेऊन जिथं जातात तिथं शिक्षकानं जायचं. गुरं चरत असताना झाडाखाली फळा टेकवायचा. गुरं भरकटली की शाळा थोडी थांबायची, वळवून आणली की पुन्हा चालू. दिवसभर कामात असलेल्यांसाठी रात्रीचे वर्ग. कुणाच्या घरचं काम बुडवायचं नाही आणि पोराला शाळाही मिळवून द्यायची, असा तो हिशोब होता.

हे सगळं चालवायला माणसं लागत. ताराबाईंनी सुरुवातीपासून शिक्षिकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. कोसबाडला बालसेविका तयार होऊ लागल्या. गावातली थोडी शिकलेली बाई नीट तयार केली तर ती हे काम करू शकते, हा त्यांचा अनुभव. आजची अंगणवाडी सेविका त्याच गावची असते, यामागं हाच विचार आहे.

भारत सरकारनं 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण दिलं. पण वय झालं होतं. 31 ऑगस्ट 1973 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढं चालवलं. अनुताईंना पद्मश्री मिळाली.

सरकारी अंगणवाडी आली

ताराबाई गेल्यावर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. देशभरात सुरुवातीला फक्त 33 ठिकाणी. त्यात महाराष्ट्रातलं एक ठिकाण होतं मेळघाटातलं धारणी, म्हणजे ताराबाईंच्या सासरच्या अमरावती जिल्ह्यातलं. केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आईला आरोग्य-आहाराची माहिती, अशा सहा सेवा ठरल्या. बोर्डीच्या अंगणात जे चालायचं, त्यातलं बरंच काही या यादीत सापडतं.

नाव पोचलं, इमारती पोचल्या. पण ज्या मुलखात हे काम जन्मलं तिथलंच मूल कायमचं वाचलं असं झालं नाही. 1992 साली कोसबाडपासून फार लांब नसलेल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी भागात कुपोषणानं लहान मुलं दगावली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला अनुताई वाघ गेल्या. कागदावर योजना होती. पण पाऊस संपल्यावर वीटभट्टीला, रेतीला, बांधकामाला घर बंद करून जाणाऱ्या कुटुंबामागं ती योजना जात नव्हती. मूल येत नसेल तर शाळेनं मुलाकडं जायचं, ही ताराबाईंची मूळ अट होती. ती जिथं सुटली तिथं मूल सुटलं.

दिवाळीनंतर आजही पाड्यावर कुलपं दिसतात. कुटुंबाबरोबर तान्ही बाळंही भट्टीवर जातात. आजही तिथं एखादी आठ वर्षांची पोरगी कडेवर भाऊ घेऊन उभी दिसते. म्हणून ताराबाईंचं चरित्र जुनं झालं असं म्हणता येत नाही.

आईबापांनी एवढं लक्षात ठेवावं

अंगणवाडी ही उपकाराची जागा नाही. सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल, गरोदर बाई आणि स्तनदा माता यांचा तो हक्क आहे. बाळाचं वजन दर महिन्याला करून घ्यावं आणि तक्त्यावर ते कुठं आलं हे ताईंना विचारावं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, पट्टीवर लाल रंग आला, की ते मूल तीव्र कुपोषित असू शकतं. अशा वेळी वाट बघू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं, सांगितलं तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं. दोन्ही पायांवर सूज आली असेल तर त्याच दिवशी न्यावं. रोज बुडतो म्हणून टाळू नये.

आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं गरम जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी द्यायची तरतूद आहे. मिळत नसेल तर ग्रामसभेत विचारता येतं. कामासाठी दुसऱ्या गावाला जात असाल तर जाण्याआधी सेविकेला सांगावं, लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्यावं आणि तिथल्या अंगणवाडीत मुलाचं नाव घालून घ्यावं. त्या गावचे रहिवासी नाही म्हणून कोणी नकार दिला तर तो नकार मानायचं कारण नाही. बालविकास प्रकल्प अधिकारी कार्यालय तालुक्याला असतं, तिथं तक्रार करता येते.

कोसबाडच्या टेकडीवर नूतन बाल शिक्षण संघाचं काम आजही चालू आहे. डहाणू भागात जाणं झालं तर ते आवार पाहून यावं, आणि आपल्या गावच्या अंगणवाडीतही एकदा सकाळच्या वेळी डोकावून यावं. किती मुलं आली आहेत, त्यापेक्षा पाड्यावरची कोणती मुलं आलेली नाहीत, हे तिथं आधी विचारावं.